जुनी ब्लेंडेड स्कॉच लिलावात घेताना: आधी बाटली वाचायला शिका

मी ग्लासगोत फार्मासिस्ट आहे. दिवसभर डब्यांवरचं बारीक अक्षर वाचते: बॅच नंबर, मुदत, मात्रा. त्यामुळे जुन्या ब्लेंडेड स्कॉचचा नाद लागला तेव्हा पहिल्याच दिवशी खटकलं की या बाटल्यांवर सालच नसतं. जॉनी वॉकरची साठच्या दशकातली बाटली आणि सत्तरच्या दशकातली बाटली शेजारी ठेवा. तीच चौकोनी काच, तेच तिरकं लेबल. बाटली कधी भरली ते कंपनीने लिहिलेलं नाही. लिलाववाल्याने अंदाजाने 'सत्तरचं दशक' असं टाकलेलं असतं आणि तो अंदाज कधीकधी दहा वर्षांनी चुकतो. आपला फायदा काय, तोटा काय, सगळा त्या दहा वर्षांत असतो.

एक गोंधळ आधीच मिटवू. लेबलवर '१२ वर्षं' लिहिलेलं असतं ते लाकडी पिंपातलं वय. काचेत गेल्यावर व्हिस्कीचं वय मोजत नाहीत. १९६२ मध्ये भरलेली बारा वर्षांची व्हिस्की आजही बारा वर्षांचीच. आपण इथे जे शोधतोय ते बाटली भरल्याचं साल. आणि बऱ्याच जुन्या ब्लेंड्सवर तर वयही नसतं.

ब्लेंडच का, हे मला सगळे विचारतात. खरं कारण खिसा. सिंगल माल्टच्या, म्हणजे एकाच भट्टीत मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्कीच्या, मागे जग लागलंय, त्यामुळे साठच्या दशकातला नावाजलेला माल्ट माझ्या पगारात बसत नाही. त्याच काळात भरलेली ब्लेंडची बाटली मात्र बसते. ब्लेंड म्हणजे अनेक भट्ट्यांचे माल्ट आणि त्यात ग्रेन व्हिस्की, म्हणजे गहू-मक्यासारख्या इतर धान्यांची. एडिनबराच्या अँड्र्यू अशरने १८५३ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या माल्ट एकत्र करून विकायला सुरुवात केली. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधीच, गोदामात असतानाच, माल्ट आणि ग्रेन एकत्र करायची मुभा मिळाली आणि मग धंदा वाढला. विसाव्या शतकात जगभर गेलेली स्कॉच बहुतांशी हीच. भरपूर विकली गेली म्हणून कपाटांत भरपूर उरली, आणि भरपूर उरली म्हणून स्वस्त आहे.

चवीत फरक पडतो का? माझ्या जिभेला पडतो. जुन्या ब्लेंडमध्ये धूर जास्त लागतो, अंगही जड वाटतं, थोडं मेणासारखं. तेव्हा बऱ्याच भट्ट्या थेट कोळशावर चालत, बार्ली जमिनीवर पसरून मोड आणत, आणि स्पेनहून शेरी ही वाइन ज्या पिंपांतून ब्रिटनला येई तीच पिंपं व्हिस्कीला मिळत. ती ने-आण १९८० च्या दशकात थांबली. शिवाय काचेत चाळीस-पन्नास वर्षं राहिल्यावर एक वेगळाच वास येतो, त्याला इथले लोक 'ओल्ड बॉटल इफेक्ट' म्हणतात. काहींना तो जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखा वाटतो, माझ्या नवऱ्याला ओल्या पुठ्ठ्यासारखा.

विक्रेते आणखी एक गाजर दाखवतात: 'यात पोर्ट एलन असू शकते.' १९८३ मध्ये डिस्टिलर्स कंपनीने पोर्ट एलन, ब्रोरा, सेंट मॅग्डलीन अशा बऱ्याच भट्ट्या बंद केल्या, आणि त्यांचा माल मुख्यतः ब्लेंडमध्येच जात होता हे खरं. पण एखाद्या विशिष्ट बाटलीत तो आहे हे लेबलवरून सिद्ध होत नाही. त्या 'असू शकते'साठी एक पौंडही जास्त मोजू नका.

साल कसं काढायचं

माझा एकच नियम आहे: बाटलीवरच्या सगळ्यात नव्या खुणेवर विश्वास ठेवा. विकणारा नेहमी सगळ्यात जुनी खूण दाखवतो. जुन्या नक्षीचं लेबल कंपन्या दशकानुदशकं छापत राहतात, त्यामुळे जुनी खूण काहीच सिद्ध करत नाही. नवी खूण मात्र करते. पिनकोड लिहिलेलं पत्र स्वातंत्र्यलढ्यातलं असू शकत नाही, तसंच हे.

सुरुवात मद्यार्काच्या आकड्यापासून करा. ब्रिटनमधल्या बाटल्यांवर १९७९ संपेपर्यंत 'प्रूफ' लिहीत. १ जानेवारी १९८० पासून टक्के आले. '70° प्रूफ' पाहून घाबरू नका, ते सत्तर टक्के नव्हे. ब्रिटिश प्रूफच्या आकड्याला चाराने गुणा आणि साताने भागा: ७० प्रूफ म्हणजे ४० टक्के, ७५ प्रूफ म्हणजे जवळपास ४३. अमेरिकेचं प्रूफ वेगळं, तिथे सरळ निम्मं करायचं. एकाच लेबलवर प्रूफ आणि टक्के दोन्ही दिसले तर बाटली बहुधा त्या बदलाच्या आसपासची.

मग आकारमान. ब्रिटनची जुनी बाटली २६⅔ फ्लुइड औंसांची, म्हणजे ७५.७ सेंटिलिटर. सत्तरच्या दशकात औंस आणि सेंटिलिटर शेजारी-शेजारी दिसतात. ऐंशीच्या दशकात ७५ सेंटिलिटर, आणि नव्वदच्या सुरुवातीपासून आजतागायत ७० सेंटिलिटर. म्हणजे ब्रिटनसाठी भरलेली, '७० सीएल आणि ४० टक्के' लिहिलेली बाटली कोणी ऐंशीच्या दशकाची म्हणून विकत असेल तर पुढचं लॉट, म्हणजे लिलावातला पुढचा नग, बघा. लेबल कितीही पिवळं असो. उन्हात ठेवलेलं लेबल दोन वर्षांतही पिवळं पडतं.

अमेरिकेला गेलेल्या आणि तिथून लिलावात परत आलेल्या बाटल्या मला फार आवडतात, कारण त्या स्वतःच बोलतात. १९३५ ते १९६४ या काळात तिथे विकायच्या प्रत्येक बाटलीच्या काचेवर उठावाच्या अक्षरांत 'ही बाटली पुन्हा विकणं किंवा वापरणं केंद्रीय कायद्याने मना आहे' अशा अर्थाची ओळ असायची. ती काचेत असते, लेबलवर नव्हे, त्यामुळे खोटी करायला अवघड. आकारमान 'चार-पंचमांश क्वार्ट' लिहिलेलं असेल तर १९७९ किंवा त्याआधीची, कारण १९८० पासून तिथे ७५० मिलिलिटर सक्तीचं झालं. मानेवरून जाणारी कराची कागदी पट्टी तिथे १९८५ पर्यंत लागत होती.

बाकीच्या खुणा बारीक अक्षरात लपलेल्या असतात, आणि लिलावाच्या फोटोत लेबलचा खालचा काठ मोठा करून बघायचा कंटाळा बहुतेकांना येतो. तुम्ही तो कंटाळा करू नका. पत्त्यात पोस्टकोड आहे का? ब्रिटनमध्ये पोस्टकोड १९५९ मध्ये चाचणीसाठी सुरू झाले आणि देशभर पसरायला १९७४ उजाडलं. कंपनीच्या नावामागे 'पीएलसी', म्हणजे पब्लिक लिमिटेड कंपनी, आहे का? ते रूप १९८० च्या कंपनी कायद्याने आलं, त्याआधी 'लिमिटेड'. राजघराण्याचा शिक्का असेल तर कोणाच्या नावाने आहे ते वाचा. 'दिवंगत राजे सहावे जॉर्ज' असा उल्लेख असेल तर बाटली फेब्रुवारी १९५२ च्या नंतरची, एवढं नक्की. बारकोड दिसला तर साधारण ऐंशीच्या दशकाच्या अलीकडे या.

एकदा एक फारशी कोणाला माहीत नसलेली ब्लेंड 'पन्नासचं दशक' म्हणून लागली होती. लेबलवर घोडागाडी, वळणदार अक्षरं, सगळं कसं आजोबांच्या काळातलं. बोली १४० पौंडांपर्यंत गेली. फोटो मोठा केला तर खालच्या ओळीत ग्लासगोचा पोस्टकोड, स्वच्छ दिसत होता. मी लिलाववाल्यांना ईमेल केला, त्यांनी वर्णन बदललं. आभाराचे दोन शब्द आले, बाटली मात्र माझ्या हातून गेली, कारण बदललेल्या वर्णनासह ती कोणीतरी ४५ ला नेली आणि मी तेव्हा दुकानात शिफ्टवर होते.

झाकणाबद्दल थोडं. बूच असेल तर बाटली जुनी असं समजू नका, आजही महागड्या बाटल्यांना बूच असतं. उलट पत्र्याचं फिरकीचं झाकण म्हणजे नवीन असंही नाही. व्हाइट हॉर्स या ब्लेंडने ते १९२६ मध्येच आणलं होतं. उपयोगी खूण आहे ती 'स्प्रिंग कॅप'ची, म्हणजे खटक्याने बसणारं धातूचं झाकण. ते मुख्यतः चाळीस-पन्नासच्या दशकांत आणि साठच्या सुरुवातीला दिसतं. ते इतकं घट्ट बसतं की त्याखालची पातळी अनेकदा मानेपर्यंत टिकलेली असते. दोन बाटल्यांत निवड करायची असेल तर मी डोळे मिटून स्प्रिंग कॅप घेते.

पातळी, आणि माझी फजिती

व्हिस्की उडते. त्यात मद्यार्क आधी उडतो, म्हणून पातळी खाली गेलेली बाटली नुसती कमी नसते, मिळमिळीतही असते. भाषा अशी: 'मानेत', 'खांद्याच्या वर', 'खांद्याच्या मध्यावर', 'खांद्याखाली'. पन्नास वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या बुडाशी असेल तर उत्तम. खांद्याच्या वरच्या भागात चालेल. मध्यावर असेल तर मी फक्त कपाटात ठेवण्यासाठी घेईन, पिण्यासाठी नाही. हेग डिंपलसारख्या तीन बाजू दबलेल्या बाटलीत पातळी चटकन फसवते, तिथे फोटो समोरूनच काढलेला आहे ना ते पाहा. पाच सेंटिलिटरच्या छोट्या बाटल्या तर मी घेतच नाही. थोडं उडालं तरी त्यात उरतं काय?

चिनी मातीच्या सुरया आणि डिकँटर हा सापळाच. आतलं दिसत नाही. माझी दुसरीच खरेदी अशी होती: निळी, चकचकीत, सीलबंद सुरई. घरी आल्यावर हलवली तर आतून चक्क डबडब आवाज. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि त्याच सुरईच्या दुसऱ्या एका लॉटचं छापलेलं वजन शोधलं. माझी तीनशे ग्रॅमने हलकी. चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका मिलिलिटरचं वजन सुमारे ०.९५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३१५ मिलिलिटर हवेत गेलेली. हे गणित मी रोज औषधांसाठी करते, आणि बोली लावायच्या आधी मात्र केलं नव्हतं! आता मातीच्या कोणत्याही बाटलीचं वजन दिलेलं नसेल तर विचारून घेते, आणि त्याच नमुन्याच्या तीन-चार लॉटशी ताडून बघते. विचारायला लाजू नका, त्यांच्या गोदामात काटा असतो.

मातीच्याच गटात बेल्सचे घंटेच्या आकाराचे डिकँटर येतात. १९८१ चं चार्ल्स-डायनाचं लग्न, नाताळची मालिका, वगैरे. बहुतेक ब्रिटिश घरांत आजीच्या शोकेसमध्ये एखादा सापडतो, आणि प्रत्येकाला वाटतं की तो खजिना आहे. भेट म्हणून अगणित बनले आणि कोणी उघडले नाहीत, त्यामुळे भाव उठत नाही. आवडला तर घ्या, पुढे विकायच्या आशेने घेऊ नका.

खोट्या बाटल्या

ब्लेंडमध्ये खोटेपणा कमी, कारण खोटं करून मिळणार किती? तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बाटल्या, किंवा १९४१ मध्ये एरिस्के बेटाजवळ खडकात अडकलेल्या 'पॉलिटिशियन' जहाजावरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या, यांत सावध राहा. तिथे कागदपत्रं आणि आधीचे मालक कळल्याशिवाय बोली नाही.

माल्टवाल्यांची एक गंमत सांगते. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमधल्या हॉटेलात एका ग्राहकाने १८७८ ची मॅकॅलन म्हणून एका पेगला जवळपास दहा हजार स्विस फ्रँक मोजले. नंतर तपासणीत निघालं की ती १९७० ते ७२ च्या सुमारास बनलेली आहे आणि बहुधा साठ टक्के माल्ट, चाळीस टक्के ग्रेन. म्हणजे सत्तरच्या दशकातली ब्लेंड! मी तीच चीज पन्नास पौंडांत बाटलीभर घेते. ते साल ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कार्बन चाचणीने, म्हणजे व्हिस्कीतल्या कार्बनवरून, काढलं होतं. ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडच्या प्रयोगशाळेत २०१८ मध्ये ५५ दुर्मीळ बाटल्यांच्या अशाच चाचण्या झाल्या आणि २१ खोट्या निघाल्या.

कार्बन चाचणी आपल्या आवाक्यातली नाही, पण नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. कागदाला शुभ्र करणारी रसायनं पन्नासच्या दशकाच्या सुमारास वापरात आली, आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात. १९३० ची म्हणून घेतलेल्या बाटलीचं लेबल नव्या सदऱ्यासारखं चमकलं तर लगेच लिलाववाल्यांना कळवा. बहुतेकांच्या अटींत तक्रारीची मुदत असते. ती आधी वाचून ठेवा, बाटली आल्यावर नव्हे.

बोली

इथले व्हिस्कीचे लिलाव आता बहुतेक ऑनलाइन चालतात. ग्लासगोचं स्कॉच व्हिस्की ऑक्शन्स, पर्थचं व्हिस्की ऑक्शनियर ही त्यातली मोठी नावं. लिलाव आठवडा-दहा दिवस उघडा राहतो. तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता आणि यंत्र गरजेपुरतीच बोली वाढवत नेतं. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या मिनिटांत कोणी बोली लावली तर वेळ वाढतो, त्यामुळे अखेरच्या सेकंदाला झडप घालायची युक्ती तिथे चालत नाही. मी तर शेवटच्या संध्याकाळी लॅपटॉप बंद ठेवते. दुपारी आकडा टाकायचा, सकाळी बघायचं.

तो आकडा कसा ठरवायचा? जुन्या लिलावांचे निकाल ही संकेतस्थळं खुली ठेवतात. त्याच बाटलीचे मागचे पाच-सहा निकाल पाहा, पातळी आणि खोक्यासकट. मग उलटं गणित करा. समजा ६० पौंडांवर हातोडा पडला आणि खरेदीदाराचं कमिशन १२.५ टक्के आहे. साडेसात पौंड कमिशन, त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट म्हणजे दीड पौंड, आणि पाठवणावळ समजा दहा. साठची बाटली ७९ ला पडली. एडिनबरा-लंडनच्या जुन्या, सभागृहात भरणाऱ्या लिलावांत कमिशन याहून बरंच जास्त असतं. परदेशात मागवत असाल तर तिथला आयात कर वेगळा, आणि तो कधीकधी बाटलीपेक्षा मोठा निघतो.

एकाच लिलावात एकच बाटली चार वेळा लागलेली असते. नवखे पहिल्या लॉटवर तुटून पडतात. मी चारही उघडून पातळी बघते आणि चांगल्या पातळीच्या, पण वाईट फोटोच्या लॉटवर बोली लावते. 'तीन मिश्र ब्लेंड्स' असे गठ्ठेही पाहा. शोभेसाठी जमवणारे तिकडे फिरकत नाहीत, पाठवणावळ एकदाच पडते, आणि मला अशाच गठ्ठ्यात एक स्प्रिंग कॅपवाली ब्लॅक अँड व्हाइट मिळाली आहे.

सुरुवातीला काय घ्यावं? धूर आवडत असेल तर सत्तरच्या दशकातली व्हाइट हॉर्स, जिच्यात लागाव्हुलिन भट्टीचा वाटा असे, किंवा टीचर्स, जिचा कणा आर्डमोर भट्टीचा माल्ट. गोडवा हवा तर ड्यूअर्स. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल प्रत्येक दशकातली सहज मिळते, म्हणून एकच ब्रँड दशकागणिक जमवायचा असेल तर तीच सोयीची. पहिल्या वर्षी मी एका बाटलीवर ६० पौंडांच्या वर गेले नाही, आणि चुका सगळ्या त्याच वर्षी झाल्या.

घरी आल्यावर

उभी ठेवा. वाइनसारखी आडवी केली तर मद्यार्क बूच खातो. अंधार, आणि जिथे तापमान फार वरखाली होत नाही असं कपाट. पातळीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलने खूण करा, वर्षाने पुन्हा बघा. खाली सरकत असेल तर झाकणाभोवती लॅबमधली ताणणारी मेणपट्टी गुंडाळा, किंवा सरळ उघडून टाका.

उघडायची वेळ आली की घाई नको. जुनं बूच हमखास तुटतं. दोन पात्यांचं बूचकाढं मिळतं, ते बुचाच्या कडेने आत सरकवून पिळत वर घ्यायचं. तरी तुकडे पडले तर कॉफीच्या कागदातून गाळा. मानेवरचं वेष्टण जुन्या बाटल्यांत शिशाचं असायचं. ते पूर्ण काढा आणि ओल्या कपड्याने काठ दोनदा पुसा. पहिला घोट पत्र्यासारखा लागला तर ओतून देऊ नका. ग्लासात वीस मिनिटं, नाहीतर बाटली झाकून आठवडाभर ठेवा. माझ्या सत्तरच्या दशकातल्या एका टीचर्सला तीन आठवडे लागले. मग तिच्यातून विझलेल्या शेगडीचा वास यायला लागला, आणि नवऱ्याने पहिल्यांदा स्वतःहून ग्लास पुढे केला.

बाटली संपली की रिकामी विकायला काढू नका. तशा विकत घेणारे असतात, आणि त्यांतले काही परत भरणारे असतात. मी लेबलवर जाड मार्करने आडवी रेघ मारते, झाकण वेगळं टाकते आणि काच पुनर्वापराच्या डब्यात.